मधुमेहाच्या उंबरठ्यावरची शाळा

अमेरिकेचा राष्ट्रीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रम म्हणजे वर्षभर चालणारा एक वर्ग. रक्तातली साखर वाढलेली, पण अजून मधुमेहाच्या रेषेपर्यंत न पोचलेली माणसे छोट्या गटाने एकत्र बसतात. पहिल्या सहा महिन्यांत किमान सोळा धडे होतात, पुढच्या सहा महिन्यांत आणखी सहा. शिकवणारा डॉक्टर किंवा नर्स असावा लागत नाही. प्रशिक्षण घेतलेला मार्गदर्शक पुरतो. उद्दिष्टे दोनच आहेत: वजन पाच ते सात टक्क्यांनी उतरवायचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालायचे किंवा तेवढाच दम लागेल असे काही करायचे. औषध नाही, यंत्र नाही. या वर्गाची सर्वांत जास्त गरज असलेल्यांत कृष्णवर्णीय अमेरिकन येतात आणि त्यांच्यापर्यंत तो पोचवणे हेच या कार्यक्रमाचे सर्वांत अवघड काम ठरले आहे.

अभ्यासक्रमाचा उगम एका मोठ्या वैद्यकीय चाचणीत आहे. १९९६ साली सुरू झालेल्या या चाचणीत देशभरातील २७ केंद्रांवर ३,२३४ जण दाखल झाले. एका गटाला जीवनशैलीचे धडे, दुसऱ्याला मेटफॉर्मिन हे साखर कमी करणारे औषध, तिसऱ्याला नुसती दिखाऊ गोळी. यांखेरीज ट्रोग्लिटाझोन या औषधाचा चौथा गटही होता. त्या औषधाने यकृताला इजा होते असे दिसल्यावर तो १९९८ मध्ये बंद करण्यात आला. २००१ पर्यंत फरक इतका उघड झाला की चाचणी ठरल्या वेळेच्या वर्षभर आधीच थांबवली गेली. दिखाऊ गोळी घेणाऱ्या शंभर जणांपैकी दर वर्षी सरासरी ११ जणांना मधुमेह होत होता. मेटफॉर्मिनच्या गटात हा आकडा ७.८ होता आणि धडे घेणाऱ्यांत ४.८. म्हणजे धोका मेटफॉर्मिनने ३१ टक्के घटला आणि धड्यांनी ५८ टक्के.

चाचणीत सुमारे ४५ टक्के माणसे अल्पसंख्य वंशगटांतली होती, एकंदरीत दर पाचांमागे एक कृष्णवर्णीय. ही निवड जाणूनबुजून केलेली होती आणि तिचे चीज झाले: धड्यांचा फायदा सगळ्या वंशगटांत सारखाच आढळला. मात्र पुढच्या विश्लेषणात एक गोष्ट नजरेस आली. तेच धडे, तरीही कृष्णवर्णीय स्त्रियांचे वजन इतरांपेक्षा कमी उतरले. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ जणांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच चाचणीत तर धडे घेणाऱ्यांचे वजन जवळपास जागच्या जागी राहिले होते, तरी मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. वजनाचा काटा ही सोयीची खूण आहे, पण ती एकमेव नाही, हे यातून दिसते. कार्यक्रमाचे नियम लिहिणाऱ्यांना हे मान्य व्हायला बराच काळ जावा लागला.

गरज कुठे आहे हे नकाशावर स्पष्ट दिसते. २०११ मध्ये रोग नियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, संशोधकांनी अमेरिकेत ‘मधुमेह पट्टा’ आखला. १५ राज्यांतल्या ६४४ काउंट्या त्यात मोडतात, बहुतेक दक्षिणेकडच्या. मिसिसिपी राज्य तर सगळेच्या सगळे त्यात येते. या पट्ट्यात कृष्णवर्णीयांचे प्रमाण उरलेल्या देशापेक्षा कितीतरी अधिक आहे. निदान झालेला मधुमेह कृष्णवर्णीय प्रौढांत सुमारे १२ टक्के आहे, गोऱ्यांत सुमारे ७ टक्के. याचे कारण वंशात शोधण्यापेक्षा पगार, विमा, दवाखान्याचे अंतर आणि जवळच्या दुकानात काय मिळते यात शोधणे अधिक फलदायी. निदान उशिरा होते, उपचार त्याहून उशिरा. मिसिसिपीच्या डेल्टा भागात २०१५ पासून काम करणारे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. फोलुसो फाकोरेडे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की मधुमेहींचा पाय कापण्याआधी त्या पायाच्या रक्तवाहिन्या तपासल्यासुद्धा जात नाहीत. तपासल्या, तर अनेक पाय वाचतात.

मूळ चाचणीतले धडे एकेकाला स्वतंत्र दिले जात. पहिल्या वर्षाचा खर्च माणशी सुमारे १,४०० डॉलर येई. एवढा खर्च सर्वांसाठी कोण करणार? इंडियानापोलिसमध्ये वायएमसीएच्या केंद्रांवर तेच धडे गटाने देऊन पाहिले गेले आणि २००८ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार सहभागींचे वजन सरासरी सहा टक्के उतरले. २०१० मध्ये कायद्याने राष्ट्रीय कार्यक्रमाला मान्यता मिळाली आणि तो सीडीसीकडे सोपवला गेला.

कृष्णवर्णीय वस्त्यांत वर्ग भरवायचा तर जागा आधीपासून होती: चर्च. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अलाबामातील टस्कीगी येथे सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना नुसते निरखले. त्या आठवणीमुळे सरकारी आरोग्य योजनेकडे आजही सावधपणे पाहिले जाते. पाद्र्याने रविवारी प्रार्थनेनंतर सांगितलेली गोष्ट वेगळ्या कानाने ऐकली जाते. जॉर्जियातील ऑगस्टा शहराच्या परिसरात २० चर्चमधल्या सुमारे ६०० कृष्णवर्णीयांवर ‘फिट बॉडी अँड सोल’ नावाची चाचणी झाली. निम्म्या चर्चमध्ये मधुमेह प्रतिबंधाचे धडे, निम्म्यांत सर्वसाधारण आरोग्यशिक्षण. धडे चर्चच्याच सभासदांनी दिले. वर्षाअखेरीस धडे घेतलेल्यांपैकी जवळपास एक पंचमांश लोकांनी सात टक्के वजन उतरवले. दुसऱ्या गटात हे प्रमाण त्याच्या निम्म्याहून कमी होते. मूळ चाचणीच्या मानाने हे यश बेताचे आहे, हे खरे. पण ते पगारी तज्ज्ञांविना, चर्चच्या सभागृहात मिळाले आहे.

अशा वर्गात खरी वाटाघाट ताटावर होते. दक्षिणेच्या रविवारच्या जेवणात तळलेली कोंबडी, डुकराचे मांस घालून शिजवलेली कॉलर्ड पालेभाजी, चीज घातलेली मॅकरोनी, मक्याचा पाव आणि साखरेने गच्च गोड केलेला थंड चहा असतो. हे पदार्थ सोडा असे सांगणारा मार्गदर्शक दुसऱ्या आठवड्यात रिकाम्या खुर्च्यांसमोर उभा राहील. त्यामुळे पालेभाजीत डुकराऐवजी टर्कीचे धुरावलेले मांस, तळण्याऐवजी भट्टीत भाजणे, चहातली साखर हळूहळू उतरवणे, असा मार्ग काढला जातो. १९८३ मध्ये बिली एव्हरी यांनी स्थापन केलेल्या आणि आज ‘ब्लॅक विमेन्स हेल्थ इम्पेरेटिव्ह’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने कृष्णवर्णीय स्त्रियांना समोर ठेवून हेच वर्ग अनेक शहरांत चालवले आहेत.

पुरुष मात्र या वर्गांना फारसे येत नाहीत. चर्चमध्येही स्त्रियाच अधिक असतात. पुरुष भेटतात केशकर्तनालयात. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या आठ दुकानांत केस कापायला आलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी झाली. निकाल हाती आलेल्या २९० जणांपैकी ९ टक्क्यांची पातळी मधुमेहाची निघाली, तीही त्यांना पत्ता नसताना. आणखी २८ टक्के उंबरठ्यावर होते.

ही तपासणी म्हणजे एचबीएवनसी, अर्थात साखरेची तीन महिन्यांची सरासरी. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे वर्गात प्रवेश, ६.५ पासून मधुमेह. पण हे मोजमाप प्रत्येक रक्ताला सारखे लागू पडत नाही. कृष्णवर्णीय अमेरिकनांत सुमारे १३ जणांमागे एक सिकलसेलचा वाहक असतो आणि २०१७ च्या एका अभ्यासानुसार साखर तेवढीच असताना वाहकांचा आकडा सुमारे ०.३ ने कमी दिसतो. त्याच वर्षी आढळले की जी६पीडी या जनुकाचा एक आफ्रिकी प्रकार असलेल्या पुरुषांत ही तूट ०.८ पर्यंत जाते. म्हणजे मधुमेह झालेला माणूस कागदावर जेमतेम उंबरठ्यावर दिसतो. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या डॉक्टरांनाही हे ध्यानात ठेवावे लागते, कारण सिकलसेलचे वाहक तिथेही मोठ्या संख्येने आहेत. शंका असेल तिथे उपाशीपोटीची किंवा ग्लुकोज पाजून केलेली तपासणी करणे हाच उपाय.

वर्गांना मान्यता देताना सीडीसी बराच काळ सरासरी पाच टक्के वजनघटीवर अडून होती. ज्या वर्गांत कृष्णवर्णीय स्त्रियाच अधिक, त्यांना ही अट सर्वांत जड जाई. २०२१ च्या नियमांत दोन पर्याय आले: चार टक्के वजन आणि दीडशे मिनिटे व्यायाम, किंवा एचबीएवनसीत ०.२ ची घट. दुसरी अडचण पैशाची. एप्रिल २०१८ पासून ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर योजना या वर्गांचे पैसे देते, पण ते हजेरी आणि वजन यांच्या हिशेबाने, काम झाल्यावर मिळतात. मोठ्या रुग्णालयाला तोवर पदरचे घालणे जमते. पन्नास-साठ कुटुंबांच्या चर्चला जमत नाही. म्हणून अनेक चर्च स्वतः नोंदणी न करता एखाद्या रुग्णालयाशी किंवा काउंटीच्या आरोग्य खात्याशी हातमिळवणी करतात: हिशेब आणि कागदपत्रे त्यांची, सभागृह आणि मार्गदर्शक चर्चचे.