प्रतिस्पर्ध्याची थट्टा आणि जाहिरातीची मर्यादा

पूर्वीं अहमदनगर आणि २०२४ पासून अहिल्यानगर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांत शिर्डी हें तीर्थक्षेत्र आहे. दर्शनास आलेलें कुटुंब तेथें एखादा दिवस राहतें, आणि दर्शन आटोपल्यावर उरलेला वेळ मुलांसह कोठें घालवावा, हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो. याच प्रश्नाच्या उत्तरादाखल तेथें 'वेट एन जॉय' हें जलक्रीडेचें उद्यान आणि 'साई तीर्थ' हें भक्तिविषयक मनोरंजन-उद्यान उभें राहिलें. अशा उद्यानाचा विक्रीचा माल म्हणजे एका दिवसाचा आनंद. तो आधीं चाखून पाहतां येत नाहीं, वजन करून घेतां येत नाहीं, आणि न आवडल्यास परतहि करतां येत नाहीं. तिकिट काढण्यापूर्वीं गिऱ्हाइकास बव्हंशीं जाहिरातीवरच विसंबावें लागतें. म्हणून या धंद्यांत जाहिरातीचें महत्त्व साबणाच्या किंवा चहाच्या धंद्यापेक्षांहि अधिक आहे; आणि जेथें दोन उद्यानें एकाच वाटसरूकडे डोळे लावून बसतात, तेथें दुसऱ्यास चिमटा काढण्याचा मोहहि तितकाच बळकट असतो. हा चिमटा कोठवर शोभतो आणि कोठें त्याची निंदा होते, हा विचार करण्याजोगा विषय आहे.

प्रतिस्पर्ध्याची चारचौघांत टर उडविण्याची कला महाराष्ट्रास नवी नाहीं. याच जिल्ह्यांतील संगमनेरनें अनंत फंदी (१७४४-१८१९) यांच्यासारखा शाहीर दिला. शाहिरांच्या जुन्या झगड्यांत कलगीवाले शक्तीचें श्रेष्ठत्व सांगत आणि तुरेवाले शिवाचें. सवाल-जवाबांत एक पक्ष दुसऱ्यास कूट प्रश्न घाली, त्याची खिल्ली उडवी, आणि श्रोत्यांसमक्ष त्यास निरुत्तर करूं पाही. परंतु या प्रकारांत एक मोठी सोय होती. ज्याची थट्टा व्हावयाची, तो समोरच डफ घेऊन उभा असे. वार होतांच त्यास प्रतिवार करतां येई, आणि निवाडा दोन्ही बाजू ऐकलेल्या श्रोत्यांचा असे. त्यामुळें बोचरा शब्दहि अन्यायाचा वाटत नसे. जाहिरातीच्या फलकावर हा समोरचा डफच नाहींसा होतो. फलक एकतर्फी बोलतो. आणि ज्याच्याविषयीं तो बोलतो, तो तेथें उत्तर देण्यास हजर नसतो. थट्टेच्या जाहिरातींसंबंधींचा सारा वाद या एका फरकांतून उद्भवतो.

क्वचित् प्रसंगीं फलकांचाहि सवाल-जवाब रंगतो. २००७ सालीं जेट एअरवेज या विमानकंपनीनें आपलें बाह्य रूप पालटलें आणि आपण बदललों आहों, असें सांगणारा फलक मुंबईंत उभारला. लगतच किंगफिशर कंपनीचा फलक झळकला: हा बदल आपणच त्यांच्याकडून घडवून आणला, अशी त्यावर फुशारकी होती. त्यावर गोएअर या तिसऱ्या कंपनीनें जाहीर केलें कीं, आपण मुळींच बदललों नाहीं, आणि शहाण्या प्रवाशाचा मार्ग अजूनहि आपलाच. रस्त्यानें जाणारे लोक हंसले. या तिघांपैकीं कोणीहि दुसऱ्याचें विमान जुनें किंवा धोक्याचें असल्याचें म्हटलें नव्हतें. थट्टा झाली ती बढाईची; मालाची नव्हे. शिवाय प्रत्येकास उत्तर देण्याइतकें बळ होतें. मात्र या हजरजबाबीपणानें कोणाचाहि धंदा तरला नाहीं. किंगफिशरचीं उड्डाणें २०१२ सालीं, जेटचीं २०१९ सालीं, आणि पुढें 'गो फर्स्ट' झालेल्या गोएअरचीं २०२३ सालीं थांबलीं. विनोदानें लोकांचें लक्ष वेधतां येतें. इंधन, पगार आणि कर्ज यांचा हिशेब त्यानें भागत नाहीं.

खास मनोरंजन-उद्यानांच्या जगांतील सर्वांत गाजलेला टोमणा अमेरिकेंतील आहे. वॉल्ट डिस्ने यांनीं १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत डिस्नेलँड उघडलें, आणि पुढें त्यांच्या कंपनीनें १९७१ सालीं फ्लोरिडांतील ऑरलँडोजवळ दुसरें, अधिक विस्तीर्ण उद्यान सुरू केलें. त्याच ऑरलँडोंत युनिव्हर्सल कंपनीनें १९९० सालीं आपलें उद्यान थाटलें. जेफ्री कॅट्झनबर्ग हे डिस्ने कंपनीचे एक अधिकारी १९९४ सालीं तेथून बाहेर पडले आणि ड्रीमवर्क्स या चित्रसंस्थेच्या संस्थापकांपैकीं एक झाले. त्या संस्थेच्या २००१ सालच्या 'श्रेक' या चित्रपटांत एका खुज्या, गर्विष्ठ सरदाराचें अति टापटिपीचें नगर आहे. तेथें रांगेसाठीं नागमोडी दोर बांधलेले, पण रांगेंत माणूस नाहीं. आणि आलेल्या पाहुण्यास नियम शिकविणाऱ्या, एका सुरांत गाणाऱ्या बाहुल्या! हा टोला कोणास लगावला आहे, हें डिस्नेलँड पाहिलेल्या प्रेक्षकास सांगावें लागलें नाहीं. २००३ सालीं युनिव्हर्सलनें याच कथेवरील खेळ ऑरलँडोच्या आपल्या उद्यानांत आणला. म्हणजे डिस्नेची नक्कल डिस्नेच्या शेजारींच दाखविली जाऊं लागली. तो खेळ २०२२ पर्यंत चालला. त्यांत प्रतिस्पर्ध्याचें नांव नव्हतें आणि खोटा आरोपहि नव्हता. लांबलचक रांगा आणि कृत्रिम टापटीप ह्या गोष्टी प्रेक्षकांनीं स्वतः अनुभवल्या होत्या, आणि बोट ठेवलें होतें तें त्यांवरच.

परंतु प्रत्येक प्रतिस्पर्धी डिस्नेइतका बलाढ्य नसतो. दुबळ्याची बाजू राखण्यासाठीं समोरच्या डफाची जागा कायद्यास घ्यावी लागते. भारतीय कायदा या बाबतींत पुरेसा उदार आहे. व्यापारी जाहिरात हाहि भाषणस्वातंत्र्याचाच भाग होय, असें सर्वोच्च न्यायालयानें टाटा प्रेसच्या १९९५ सालच्या खटल्यांत मानलें. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणें प्रतिस्पर्ध्याच्या चिन्हाचा उल्लेख प्रामाणिक व्यापारी रीतीस धरून करतां येतो. मात्र त्यापासून अनुचित लाभ उठविल्यास किंवा त्या चिन्हाच्या लौकिकास बाध आणल्यास तें उल्लंघन ठरतें.

त्याच १९९९ सालीं कलकत्ता उच्च न्यायालयापुढें कपड्यांच्या निळीचा दावा आला. 'उजाला'च्या जाहिरातींत दुसऱ्या निळीची बाटली दाखवून ती निळ महाग आणि डाग पाडणारी म्हणून हिणविली होती. बाटलीवर नांव नव्हतें, पण आकार 'रॉबिन ब्लू'च्या बाटलीसारखा होता. न्यायालयानें त्या वेळीं सांगितलेलें तत्त्व ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आपला माल जगांत सर्वोत्तम आहे, असें व्यापाऱ्यानें म्हणावें. तें खरें नसलें तरी चालेल. दुसऱ्याच्या मालाशीं तुलना करून आपला सरस आहे, असेंहि त्यानें म्हणावें. पण दुसऱ्याचा माल वाईट आहे, असें म्हणण्याचा अधिकार त्यास नाहीं.

मुंबई उच्च न्यायालयानें २०१७ सालीं अमूलच्या आइस्क्रीमच्या जाहिरातींविषयीं असाच निर्णय दिला. दुधाचें आइस्क्रीम चांगलें, इतकेंच त्या जाहिराती सांगत नव्हत्या. 'फ्रोझन डेझर्ट' या प्रकारांत वनस्पति तूप असतें, असा ठसा त्या उमटवीत होत्या. कोणत्याहि कंपनीचें नांव त्यांत नव्हतें. तरीहि या प्रकाराचा माल विकणाऱ्या हिंदुस्थान युनिलिव्हर कंपनीची तक्रार न्यायालयानें ग्राह्य धरली आणि त्या जाहिराती थांबविल्या. २०१८ सालीं खंडपीठानेंहि हा निर्णय कायम केला. नांव गाळलें म्हणजे जबाबदारी टळली, हा समज चुकीचा आहे, हें यावरून स्पष्ट होतें. न्यायालयाबाहेर १९८५ सालीं स्थापन झालेली भारतीय जाहिरात मानक परिषद तुलना वस्तुनिष्ठ व सिद्ध करतां येण्याजोगी असावी, असा आग्रह धरते. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुनः तोच अपराध केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊं शकतो.

हीं तत्त्वें मनोरंजन-उद्यानांस लावून पाहिलीं म्हणजे मर्यादेची रेषा सहज दिसते. आपली घसरगुंडी अधिक उंच आहे, आपल्याकडे तिकिटांत जेवण मिळतें, असें सांगणें ही तुलना झाली. ती खरी असली म्हणजे पुरे. शेजाऱ्याच्या भपकेबाज घोषणेस मिस्किल उत्तर देणें ही थट्टा झाली. पण शेजारच्या तलावाचें पाणी गढूळ आहे, किंवा तेथील पाळणे डळमळतात, असें नुसतें सुचविणें हीहि गंभीर गोष्ट आहे. पाणी आणि पाळणे यांशीं मुलांच्या जिवाचा संबंध असतो. असा दोष खरोखर असेल, तर तो तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे नेला पाहिजे. त्याचा विनोद करणें म्हणजे धोक्यास हंसण्यावारी नेणें होय. आणि दोष नसेल, तर पालकांच्या मनांत उगीच भीति घालून शेजाऱ्याची उपजीविका बुडविणें होय.

या संयमास व्यवहाराचेंहि एक कारण आहे, आणि त्याचें उदाहरण नगर जिल्ह्यांतच सांपडतें. शिर्डीचीं वर सांगितलेलीं दोन्ही उद्यानें संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहानें उभारलीं. त्याच समूहाचें लोणावळ्यासहि जलक्रीडेचें उद्यान होतें. आणि तेथून जवळच, खोपोलीनजीक, २०१३ सालीं सुरू झालेलें 'इमॅजिका' हें मोठें उद्यान होतें. मुंबई-पुण्याचें गिऱ्हाईक दोघांसहि हवें होतें. पुढें इमॅजिकाची कंपनी कर्जांत रुतली, आणि २०२२ सालीं तिची मालकी मालपाणी समूहाकडे आली. त्यानंतर २०२४ सालीं लोणावळ्याचें व शिर्डीचीं उद्यानें याच कंपनीच्या छत्राखालीं आणण्यांत आलीं. कालचा प्रतिस्पर्धी आज आपल्याच घरचा झाला! अशा स्थितींत आदल्या वर्षीं एकानें दुसऱ्याच्या पाण्यास नांवें ठेवलीं असतीं, तर तो डाग धुण्याचा खर्च नांवें ठेवणाऱ्यासच सोसावा लागला असता. शिवाय एका उद्यानाविषयीं उत्पन्न केलेली भीति त्या एकाच फाटकापाशीं थांबत नाहीं. घाबरलेलें कुटुंब सगळींच उद्यानें टाळतें.

तेव्हां सुट्टीच्या दिवसांत अशी खोचक जाहिरात समोर आली, तर घरांतील वडील मंडळींनीं ती पाहून खुशाल हंसावें; हंसण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. मात्र तिकिटाचे पैसे मोजण्यापूर्वीं तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. ही थट्टा बढाईची आहे कीं मालाची? तींत सांगितलेली गोष्ट पडताळून पाहतां येते कीं नाहीं? आणि ज्याची टर उडविली, त्याचें म्हणणें काय आहे? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें बहुधा जाहिरातींतच मिळतात. तिसऱ्यासाठीं थोडी खटपट करावी लागते. कारण फलकावर तो बोलत नसतो, आणि त्याची बाजू ऐकून घेण्याचें काम गिऱ्हाइकासच करावें लागतें.