ई२एफ१ (प्रथिन)

ई२एफ१ हे मानवी पेशीतील एक प्रथिन असून ते प्रतिलेखन घटक म्हणून कार्य करते. पेशीने विभाजनाच्या मार्गाला लागावे की विश्रांत अवस्थेत राहावे, या निर्णयात त्याचा मोठा वाटा असतो. हे प्रथिन ४३७ अमिनो आम्लांचे असून त्याचे जनुक २० व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. प्रयोगशाळेतील संशोधनासाठी ते जीवाणूंमध्ये किंवा कीटकांच्या पेशींमध्ये तयार केले जाते. अशा रीतीने मिळवलेल्या प्रथिनास पुनर्संयोजित ई२एफ१ म्हणतात. बहुतेक कर्करोगांमध्ये ई२एफ१ वरील नियंत्रण कोठे ना कोठे सैल झालेले आढळते, त्यामुळे कर्करोग संशोधनात या प्रथिनाला विशेष महत्त्व आहे.

नाव व शोध

या प्रथिनाचा शोध विषाणूच्या अभ्यासातून लागला. ॲडिनोव्हायरस या विषाणूचे ‘ई२’ नावाचे जनुक कार्यान्वित होण्यासाठी यजमान पेशीतील एक घटक आवश्यक असतो, असे जोसेफ नेव्हिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले. ई२ जनुकाशी संबंधित घटक, म्हणून त्यास ‘ई२एफ’ हे नाव मिळाले.

त्याच वर्षी दृष्टिपटलाच्या कर्करोगाशी निगडित असलेले आरबी जनुक वेगळे करण्यात आले. हा कर्करोग मुख्यतः लहान मुलांच्या डोळ्यांत होतो. आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्येच असे अनुमान मांडले होते की, या रोगात एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात. ज्या बालकांना एक सदोष प्रत जन्मतःच मिळते, त्यांच्यात हा रोग लवकर आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत उद्भवतो. निरोगी पेशीत आरबी प्रथिन ई२एफला धरून ठेवते, हे १९९१ च्या सुमारास स्पष्ट झाले आणि दोन स्वतंत्र वाटणारे शोध एकमेकांस जोडले गेले. १९९२ मध्ये तीन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे ई२एफ१ चे जनुक वेगळे केले. त्यांपैकी एका गटातील विल्यम केलिन यांना पुढे २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु ते पेशींच्या प्राणवायू-संवेदनाविषयीच्या कार्यासाठी होते.

पेशीचक्रातील कार्य

पेशीचक्राचे जी१, एस, जी२ आणि एम असे चार टप्पे मानले जातात. एस टप्प्यात डीएनएची प्रतिकृती तयार होते व एम टप्प्यात पेशीचे विभाजन होते. जी१ मधून एस मध्ये जाणे हा उंबरठा होय. तो ओलांडल्यावर पेशी सहसा माघारी फिरत नाही.

विश्रांत पेशीत आरबी प्रथिन ई२एफ१ ला बांधून ठेवते. पेशीला वाढीचे संकेत मिळाले की सायक्लिन डी तयार होते. ते सीडीके४ व सीडीके६ या विकरांच्या साहाय्याने आरबीवर फॉस्फेट गट जोडते. पुढे सायक्लिन ई व सीडीके२ हेच काम पूर्णत्वास नेतात. फॉस्फेटयुक्त आरबीची पकड सुटते आणि ई२एफ१ मोकळे होते.

मोकळे झालेले ई२एफ१ हे डीपी१ या जोडीदार प्रथिनासह डीएनएवरील विशिष्ट क्रमाशी बांधले जाते. हा क्रम साधारणपणे टीटीटीसीजीसीजीसी असा असतो. त्यानंतर डीएनएची प्रतिकृती करण्यासाठी लागणाऱ्या अनेक जनुकांचे प्रतिलेखन सुरू होते. डीएनए पॉलिमरेज अल्फा, थायमिडीन कायनेज व डायहायड्रोफोलेट रिडक्टेज ही विकरे तसेच सीडीसी६ व सायक्लिन ई ही प्रथिने यांची जनुके त्यांत येतात. सायक्लिन ई वाढल्याने आरबीवर आणखी फॉस्फेट जोडले जातात, म्हणजे एकदा सुरू झालेली प्रक्रिया स्वतःलाच बळ देते. काम झाल्यावर ई२एफ१ ला थांबवणेही तितकेच आवश्यक असते. एस टप्प्यात सायक्लिन ए व सीडीके२ हे त्याची डीएनएवरील पकड सैल करतात आणि नंतर त्याचे विघटन होते.

रचना

ई२एफ१ चे वस्तुमान सुमारे ४७ किलोडाल्टन आहे. जेलमध्ये मात्र ते सुमारे ६० किलोडाल्टनच्या प्रथिनासारखे दिसते. नवख्या विद्यार्थ्याचा येथे गोंधळ होऊ शकतो. प्रथिनाच्या आरंभीच्या भागात सायक्लिन ए शी जोडणारा पट्टा असतो. त्यापुढे डीएनएशी बांधणारा भाग आणि डीपी१ शी जोडी जुळवणारा भाग येतो. शेवटी प्रतिलेखनास चालना देणारा भाग असतो. आरबी ज्या १८ अमिनो आम्लांना (क्रमांक ४०९ ते ४२६) धरते, ती याच शेवटच्या भागात आहेत. त्यामुळे आरबी बांधले गेले की चालना देणारा भागच झाकला जातो.

कर्करोगाशी संबंध

ई२एफ१ ची भूमिका दुहेरी आहे. ते पेशीला विभाजनाकडे नेते, परंतु त्याचे प्रमाण अवाजवी वाढल्यास एआरएफ, पी५३ व पी७३ या प्रथिनांमार्फत पेशीचा नियोजित मृत्यूही घडवून आणते. ई२एफ१ चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत गाठी निर्माण होतात, असे १९९६ मध्ये आढळले. उलट, आरबी जनुकाची एकच निरोगी प्रत असलेल्या उंदरांतून ई२एफ१ काढून टाकल्यावर गाठींचे प्रमाण घटले व त्यांचे आयुष्य वाढले, हे १९९८ मध्ये दिसून आले. म्हणून ई२एफ१ ला निव्वळ कर्करोगकारक किंवा निव्वळ कर्करोगरोधक म्हणता येत नाही.

काही विषाणू याच साखळीचा लाभ घेतात. मानवी पॅपिलोमा विषाणूचे ई७ प्रथिन आरबीला अडकवून ई२एफला मोकळे करते. भारतीय स्त्रियांमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे असलेल्या कारणांपैकी हे एक आहे. स्तनाच्या काही कर्करोगांवर वापरले जाणारे पाल्बोसिक्लिब हे औषध सीडीके४ व सीडीके६ यांना रोखते. त्यामुळे ज्या पेशींत आरबी शाबूत आहे, तेथे ई२एफ बांधलेले राहते. अमेरिकेत या औषधास २०१५ मध्ये मान्यता मिळाली.

पुनर्संयोजित ई२एफ१ ची निर्मिती

पेशीतील ई२एफ१ अल्प प्रमाणात असते आणि ते इतर प्रथिनांत मिसळलेले असते. त्यामुळे अभ्यासासाठी ते शुद्ध स्वरूपात मिळवणे कठीण जाते. यावर उपाय म्हणून मानवी संदेशवाहक आरएनएपासून डीएनएची प्रत तयार करून ती प्लाझ्मिड या वर्तुळाकार डीएनएमध्ये बसवली जाते. हे प्लाझ्मिड ई. कोलाय या जीवाणूत घालून त्याची वाढ केली जाते. आयपीटीजी हे रसायन मिसळले की जीवाणू मानवी प्रथिन बनवू लागतो.

प्रथिन ओळखून वेगळे काढता यावे म्हणून त्यास एक ‘खूण’ जोडतात. सहा हिस्टिडिनांची खूण निकेलयुक्त स्तंभाला चिकटते, तर जीएसटी ही खूण ग्लुटाथायोनला. जीवाणू फोडून मिळालेला द्रव अशा स्तंभातून सोडला असता बाकीची बहुतेक प्रथिने वाहून जातात आणि हवे ते प्रथिन मागे राहते. ते पुष्कळदा अविद्राव्य गोळ्यांच्या रूपात साचते. हे टाळण्यासाठी जीवाणूंची वाढ कमी तापमानात करतात. शुद्ध प्रथिन ग्लिसरॉल मिसळून उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवले जाते. ते वारंवार वितळवून पुन्हा गोठवल्यास निकामी होऊ शकते, म्हणून लहान लहान भाग करून साठवण्याची पद्धत आहे.

उपयोग व मर्यादा

पुनर्संयोजित ई२एफ१ चा उपयोग डीएनएशी बंध जुळतो का हे जेलमध्ये तपासण्यासाठी, आरबी व अन्य प्रथिनांशी असलेला संबंध पाहण्यासाठी, प्रतिपिंडांची पारख करण्यासाठी आणि ही जोडी तोडणारे किंवा टिकवणारे रेणू शोधण्यासाठी होतो. डीएनएवर बांधणी तपासताना डीपी१ सोबत असणे इष्ट असते, कारण एकट्या ई२एफ१ ची पकड दुबळी असते.

जीवाणूत तयार झालेल्या प्रथिनावर मानवी पेशीप्रमाणे फॉस्फेट किंवा ॲसिटिल गट जोडले जात नाहीत. ॲसिटिल गटांमुळे ई२एफ१ ची डीएनएवरील पकड वाढते, म्हणून जीवाणूजन्य प्रथिनावरून काढलेला निष्कर्ष जिवंत पेशीला जसाच्या तसा लागू करता येत नाही. अशा प्रसंगी कीटकांच्या किंवा सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवलेले प्रथिन वापरतात. प्रयोगात क्रम बदललेला डीएनए तुलनेसाठी ठेवला नाही, तर दिसलेला बंध खरा की आनुषंगिक हे ठरवता येत नाही. हे प्रथिन औषध नाही. ते केवळ संशोधनासाठी असून रुग्णांना देण्यासाठी नसते.