अण्णांचा ताळा आणि निळा पडदा

घरात माणूस आजारी पडला की सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो, हे आपण सारे जाणतोच. पण घरातला संगणक आजारी पडला म्हणजे शेजारीपाजारी, मेहुणे, मेहुण्यांचे चिरंजीव, इतकेच काय, इस्त्रीचे कपडे न्यायला येणारा मुलगासुद्धा धन्वंतरी होतो! हा अनुभव मला 2024 सालच्या गणेशोत्सवात आला. त्याचीच ही हकीकत.

आमचा संगणक 2010 सालचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर एकेक भाग निवडून जोडून घेतलेला. डोंबिवलीला आणताना त्याचा डबा मी मांडीवर धरून बसलो होतो. घेतला मुलांच्या अभ्यासासाठी, पण त्याच्यावर हक्क बसला तो माझ्या वडिलांचा. अण्णांची सारी हयात साताऱ्याच्या ट्रेझरीत गेली. पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांनी आपल्या आठवणी लिहायला घेतल्या. रोज दुपारी दोन ते चार, एका बोटाने टकटक करीत, अशी चार वर्षे! 214 पाने झाली. 2015 साली अण्णा गेले आणि ती पाने संगणकाच्या पोटातच राहिली. त्यांची दुसरी प्रत काढून ठेवावी असे मी दर दिवाळीला म्हणत असे आणि दर दिवाळीला विसरत असे.

2024 च्या डिसेंबरात अण्णांना नव्वद वर्षे पुरी झाली असती. त्या दिवशी आठवणींचे छोटेसे पुस्तक छापून नातलगांना वाटावे, असे आम्ही ठरविले. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी फाइल उघडली. पंधरावीस पाने वाचली असतील नसतील, तोच पडदा एकाएकी निळाशार झाला. त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे आणि आकड्यांच्या रांगा. चष्मा पुसून वाचू लागलो, तर यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले, जणू काही घडलेच नाही.

"अहो, जुलैत टीव्हीवर दाखवत होते ते हेच की!" सौ. म्हणाली.

तिचे खरे होते. 19 जुलै 2024 रोजी एका संगणक-सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या सदोष फाइलमुळे जगभरात सुमारे 85 लाख संगणक याच निळ्या पडद्यावर अडकले. विमाने खोळंबली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र घेऊन विमानात चढावे लागले. पण तो रोग इंटरनेटवरून आलेला. आमच्या संगणकात विंडोज 7. तिची देखभाल 2020 च्या जानेवारीतच थांबल्यामुळे मी त्याला इंटरनेटपासून दूर ठेवले होते. तेव्हा साथीचा रोग नव्हे, दुखणे घरचेच होते.

पुढे दिवसातून दोनतीनदा पडदा निळा होऊ लागला. कोणी म्हणाले, व्हायरस आहे. रस्त्यापलीकडच्या दुकानातल्या तरुणाने यंत्राला हातही न लावता, "मदरबोर्ड गेला काका, नवा घ्या," असा निकाल दिला. शेवटी माझा भाचा हातात डिस्क घेऊन हजर झाला.

"मामा, अर्ध्या तासात फॉरमॅट मारतो. एकदम कोरा करकरीत!"

"थांब रे," सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कोरा म्हणजे? आत आहे ते राहतं ना?"

"नाही मामी, सगळं पुसलं जातं."

"आणि मामंजींचं लिखाण?"

आम्ही दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. खरे सांगतो, पाच मिनिटे उशीर झाला असता, तर अण्णांची चार वर्षे पुसली गेली असती, आणि तीही दुरुस्तीच्या नावाखाली!

मग आधी पेन ड्राइव्ह लावून फाइल बाहेर काढायला घेतली. दोन वेळा मध्येच पडदा निळा झाला, तिसऱ्या खेपेस साधले. प्रत पुण्याला कन्येकडे धाडली. तिचा फोन आला, "बाबा, हे काय पाठवलंत? नुसती एबीसीडी दिसतेय!" अण्णा जुन्या पद्धतीच्या मराठी टंकात लिहीत. त्या टंकांत रोमन अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांची चित्रे बसविलेली असत; टंक नसला की आतली रोमन अक्षरे उघडी पडतात. प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ही अडचण नाही. टंकाची फाइलही पाठविली, तेव्हा कुठे अण्णा पुण्यात मराठी बोलू लागले.

आता यंत्र भंगारात द्यायला हरकत नव्हती. पण ज्याच्यासमोर अण्णा चार वर्षे बसले, त्याला रोग न कळता निरोप देणे मला बरे वाटेना. भाचाही आता ओशाळून मन लावून कामाला लागला. त्याने पहिली गोष्ट केली ती अशी की, यंत्र आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय बंद केली. त्यामुळे निळा पडदा स्थिर राहू लागला आणि त्यावरचा मजकूर उतरवून घेता येऊ लागला. सौ.ने दुधाच्या हिशेबाची वही उलटी धरून मागच्या बाजूने रकाने आखले: तारीख, वेळ, काय करीत होतो, आणि पडद्यावरचा सांकेतिक आकडा.

हा निळा पडदा म्हणजे काय, हे मला त्या आठवड्यात प्रथमच कळले. 1993 साली विंडोजची एनटी नावाची आवृत्ती आली, तेव्हापासून हा असा पडदा चालत आला होता. थोरामोठ्यांनाही तो चुकलेला नाही. 1998 च्या एप्रिलमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स यांच्यासमोर, नव्या विंडोज 98 ची ऐट दाखविताना, सहकाऱ्याने स्कॅनर जोडला मात्र, पडदा निळा! सारे सभागृह हसले. पण हा पडदा म्हणजे बिघाड नव्हे. विंडोजच्या गाभ्याला आपल्या हिशेबात अशक्य अशी चूक दिसली, की पुढे काम रेटून लिहिलेले बिघडवण्याऐवजी तो जाणूनबुजून सारे काम थांबवितो आणि का थांबलो ते पडद्यावर लिहितो.

हे ऐकताना मला अण्णा आठवले. ट्रेझरीत त्यांचा एक नियम होता. ताळा जमला नाही की लेखणी खाली ठेवायची. चूक सापडेपर्यंत पुढची ओळ लिहायची नाही. एका पैशासाठी रात्री नऊपर्यंत थांबल्याचे त्यांनीच लिहून ठेवले आहे. ज्या निळ्या पडद्याला मी आठवडाभर शिव्या मोजत होतो, तो अण्णांच्याच पठडीतला निघाला!

आठ दिवसांत वहीत नऊ नोंदी झाल्या. भाचा म्हणाला, "मामी, दर वेळी एकच आकडा आणि एकाच प्रोग्रॅमचं नाव आलं असतं, तर तो प्रोग्रॅम दोषी. छापयंत्र, पडदा, आवाज यांच्याशी बोलणारे ड्रायव्हर बहुधा असे सापडतात. पण आपल्याकडे कधी 50, कधी 1ए, कधी 0ए. कारण दर वेळी निराळं. म्हणजे संशय उष्णता, वीजपुरवठा नाहीतर मेमरीवर."

मग वायर काढून, लोखंडी भागाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवून, कॅबिनेट उघडले. आत चौदा वर्षांची धूळ! शेजारीच देवघर असल्यामुळे उदबत्तीच्या धुराचा चिकट थर पंख्यावर बसलेला. मऊ कुंचल्याने सारे साफ केले. पंखा मोकळा फिरू लागला, दोन दिवस बरे गेले, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा निळा पडदा. उष्णता हे कारण एकटे नव्हते.

विंडोजमध्येच मेमरी तपासण्याची सोय आहे. ती रात्री लावून निजलो. सकाळी निकाल: यंत्राच्या भागात दोष आहे. आमच्या संगणकात दोन जीबीच्या रॅमच्या दोन कांड्या होत्या. मी उत्साहाने एक काढली, दुसरी शेजारच्या खाचेत बसविली, शिवाय तिची सोनेरी टोके खोडरबराने पुसली. यंत्र चालू लागले. मी विजयी मुद्रेने पाहिले.

"पण बरं झालं ते कशानं?" सौ.ने वही पुढे केली. "कांडी काढली म्हणून, खाच बदलली म्हणून, की रबरानं पुसलं म्हणून? इथे काय लिहू?"

मला उत्तर देता येईना. मग पुन्हा पहिल्यापासून, एका वेळी एकच बदल. काढलेली कांडी एकटी पहिल्या खाचेत: दोष. दुसऱ्या खाचेत: दोष. पुसून: तरीही दोष. दुसरी कांडी दोन्ही खाचांत निर्दोष. चोर सापडला! मदरबोर्ड ठणठणीत होता. तशीच जुनी कांडी चारशे रुपयांत मिळाली आणि निळा पडदा दिसेनासा झाला.

इथे गोष्ट संपली असे मला वाटले, पण भाचा म्हणाला, "मामा, रॅम ही पाटी आहे. डिस्कवरून फाइल वाचली की आधी पाटीवर उतरते आणि मग पेन ड्राइव्हवर जाते. तुम्ही प्रत काढलीत ती पाटी फुटकी असताना!" त्याने नव्याने प्रत काढली आणि काळ्या खिडकीत 'एफसी' ही दोन अक्षरांची आज्ञा देऊन दोन्ही प्रती ताडून पाहिल्या. 214 पानांत एका ठिकाणी फरक निघाला. एकाच! नव्या प्रतीत होते, 'अठरावे वर्ष सरण्यापूर्वीच, 1952 च्या जूनमध्ये, मी ट्रेझरीत रुजू झालो.' कन्येकडे गेलेल्या प्रतीत तेच साल 1956 झाले होते.

यंत्राच्या लिपीत 2 हा आकडा 00110010 असा लिहितात आणि 6 हा 00110110 असा. आठ घरांपैकी एका घरात शून्याचा एक झाला, की दोनाचे सहा होतात. फुटक्या कांडीने एवढेच केले होते. निळा पडदा नऊ वेळा ओरडला. ही चूक मात्र त्याच्याही नजरेतून निसटली होती. पण अण्णांचा जन्म 1934 च्या डिसेंबरचा. अठरावे वर्ष सरण्यापूर्वी म्हणजे 1952 च. अण्णांनी वाक्यातच ताळा ठेवून दिला होता!

मी त्याच रात्री कन्येला फोन केला. ती छपाईसाठी पाने जुळवीतच होती. तो आकडा तसाच छापला गेला असता, तर आमच्या हयातीत कोणाच्या लक्षात आला नसता. नातवंडांनी आजोबांच्या नोकरीतली चार वर्षे कायमची वजा केली असती.

वाचकहो, तुमच्या घरी असा जुना संगणक असेल, तर तो धड असतानाच आतल्या मोलाच्या गोष्टींच्या दोन प्रती काढून दोन निरनिराळ्या जागी ठेवा. बिघडलाच, तर आधी लिखाण वाचवा, मग यंत्र. प्रत्येक निळ्या पडद्याची नोंद करा, एका वेळी एकच बदल करा, आणि दुरुस्ती झाल्यावर काढलेल्या प्रती पुन्हा ताडून पाहा.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला सौ.ने चोपडीशेजारी दुधाच्या हिशेबाची ती वहीही पाटावर ठेवली आणि हळदकुंकू वाहिले. डिसेंबरात पुस्तक निघाले. हातात पडताच मी पहिल्याने अकरावे पान उघडले. साल बरोबर होते.