मोकळा लॅपटॉप (लेखांक ६) : मराठी फायलींचं काय?

आज डिस्कचे भाग पाडायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर गेलं. अंबाजोगाईत कोर्टाजवळ टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय. मागचा लेख वाचून त्यांनी पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालू केलं. वायफाय लागलं, आवाज आला, टचपॅडही चाललं. मग विंडोजच्या डिस्कवरचं एक जुनं शपथपत्र उघडलं, तर पानभर इंग्रजी अक्षरांची गिचमीड. 'लिनक्सला मराठी येत नाही का?' असं ते विचारतात.

येतं की! मराठी नाही ती त्या फायलीत.

युनिकोड हे सगळ्या लिप्यांचं समान मानक रुळण्याआधीच्या फॉन्टांनी एक जुगाड केला होता. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले. कृतिदेव या फॉन्टमध्ये 'भारत' टाइप केलंत की फायलीत साठतं ते मोठा एच, के, के, जे, आर. एच म्हणजे अर्धा भ, पहिला के म्हणजे त्याचा दंड, दुसरा के म्हणजे काना, जे चा र आणि आर चा त. फॉन्ट असेपर्यंत हे सगळं मराठी दिसतं. तो काढून घेतलात की इंग्रजी उघडं पडतं, मग संगणक विंडोजचा असो की लिनक्सचा. श्रीलिपीच्या फॉन्टांची जुळणी आणखी वेगळी, म्हणून शेजारच्या दुकानातली फाईलसुद्धा आपल्याकडे धड उघडत नाही.

आपली फाईल कुठल्या जातीची, हे ओळखायला सोपी परीक्षा आहे. चार ओळी कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठी राहिली तर युनिकोड, तिला कुठेही न्या. गिचमीड झाली तर विंडोज पुसायच्या आधी तिचं रूपांतर करून घ्या.

आता माझा आवडता किस्सा. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. लिनक्सवर वर्षानुवर्षं आपण ज्या अक्षरांत मराठी वाचली, ते लोहित फॉन्टही मुळात त्याच कंपनीचे. रेड हॅटने २००४ मध्ये ते जीपीएल परवान्याखाली खुले केले आणि पुढे २०११ मध्ये मुक्त फॉन्टांच्या खास परवान्यावर आणले. ज्या घरात आपल्या फायली अडकल्या, त्याच घरातून मोकळी अक्षरंही निघाली!

विंडोजमधला मंगल हा र. कृ. जोशींच्या हातचा. फॉन्ट उत्तम, पण तो मालकीचा, लिनक्सबरोबर मिळत नाही. मंगलमधली युनिकोड फाईल मिंटमध्ये बिनचूक वाचता येते, मात्र दुसरा फॉन्ट आल्याने ओळी सरकतात आणि पानांचा हिशेब बदलतो. कोर्टाच्या कागदात अनुक्रमणिकेतले पान क्रमांक चुकले तर वकीलसाहेब काय म्हणतील ते मी सांगायला नको. अंतिम प्रत पीडीएफ करूनच पाठवा.

रूपांतर करणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, तरी निकालावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. रफाराचं उलटं : तिकडे अक्षरानंतर, इकडे आधी. कन्व्हर्टर चुकतो तो बहुधा याच दोन ठिकाणी, आणि 'तऱ्हा', 'दऱ्या'मधल्या आडव्या र वर. मजकुरात मध्येच आलेला इंग्रजी शब्दही मराठी समजून तो त्याचं काहीतरी भलतंच करून ठेवतो. पक्षकारांची नावं, गट नंबर आणि तारखा मूळ कागदाशी ताडून पाहाच.

एक बारकावा खास वकिलांच्या टायपिस्टांसाठी. 'ॲड.' मधलं ॲ हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या फायलींत अ वर वेगळा चंद्र दिलेला असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एकाला दुसरं सापडत नाही. शोधा-बदला वापरून सगळे एका रूपात आणा.

बोटांची सवय मोडायची भीती मात्र नको. मिंटमध्ये टायपिंगसाठीच्या आयबससोबत एमसेव्हन्टीनएन बसवलं की मराठीसाठी इनस्क्रिप्टबरोबर रेमिंग्टनची मांडणीही मिळते.

राहिले लग्नपत्रिकावाले. लिब्रेऑफिस २०१५ पासून पेजमेकरच्या फायली उघडतं, पण आतली अक्षरं जुन्या फॉन्टातलीच असल्याने गिचमीड तशीच राहते. पानजुळणीच्या स्क्रायबसला देवनागरी नीट जुळवता येते, २०२४ च्या जानेवारीतली १.६ आवृत्ती वापरा. तरी ऐन लग्नसराईत कुणी हा उद्योग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पेजमेकरसाठी जुना संगणक कोपऱ्यात, इंटरनेटची वायर काढून, खुशाल चालू ठेवा. नवीन काम तेवढं युनिकोडमध्ये करा.

पत्रलेखकांची डिस्क कुलूपबंद नव्हती, म्हणून मिंटमधून शपथपत्र उघडलं तरी. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोजचं बिटलॉकर हे कुलूप आधीपासून चालू असतं आणि भाग पाडताना ते आडवं येतं. पुढच्या आठवड्यापर्यंत विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' तपासा. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातून ४८ अंकी रिकव्हरी की काढून वहीत उतरवा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करू नका.