मुक्ताईनगरात अक्षरे किती?

मुक्ताईनगर या नावात अक्षरे किती? बोटांवर मोजली तर मु-क्ता-ई-न-ग-र, म्हणजे सहा. युनिकोड मात्र म वेगळा, उकार वेगळा, काना वेगळा, क्त मधला हलन्तसुद्धा वेगळा धरतो. तशी मोजली तर दहा. शिवाय यूटीएफ-८ मध्ये अशा प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे झाले तीस! यातले नेमके काय मोजायचे हे प्रत्येक डेटाबेस आपापले ठरवतो आणि घोळ तिथेच होतो.

समजा, केळी उत्पादकांच्या एका सोसायटीची सभासद यादी मायएसक्यूएलमधून ओरॅकलमध्ये न्यायची आहे. गावाच्या कॉलमला व्हारचार(२०) आहे, म्हणून आपणही व्हारचार२(२०) लिहून मोकळे होतो. पण मायएसक्यूएलचे २० म्हणजे २० चिन्हे. ओरॅकलचे, आपण काही सांगितले नाही तर, २० बाइट. मग 'मुक्ताईनगर' आत शिरत नाही, ओआरए-१२८९९ हा एरर येतो. गावाचे जुने नाव 'एदलाबाद' टाकून पाहा, ते २१ बाइटचे. तेही एका बाइटने हुकते! यावर उपाय सोपा आहे, व्हारचार२(२० चार) असे लिहायचे. एसक्यूएल सर्व्हर असेल तर एनव्हारचार घ्या. इंग्रजी कोलेशनच्या साध्या व्हारचारमध्ये गावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात.

एरर आला तर बरेच म्हणायचे, निदान कळते तरी. खरी भीती गुपचूप बिघडणाऱ्या डेटाची. मोबाइल 'नंबर' आहे म्हणून आपल्यापैकी बरेच जण त्याला इंट देतात. मायएसक्यूएलच्या इंटमध्ये जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतात आणि आपले दहा आकडी मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात. स्ट्रिक्ट मोड बंद असला (५.७ पासून तो मुळातच चालू असतो) की सगळ्या सभासदांपुढे २१४७४८३६४७ हा एकच नंबर बसतो. आता केळीच्या वजनाचा एसएमएस जाणार कोणाला? जळगावचा एसटीडी कोड ०२५७, इंटमध्ये त्याचे शून्य गळते ते वेगळेच. ज्या आकड्यांची बेरीज कधी करायची नाही, ते टेक्स्टच ठेवावेत असे माझे मत.

पैशाला फ्लोट नको. त्यात ०.१० सुद्धा नेमके साठत नाही. मायएसक्यूएलचे डेसिमल(१०,२) ओरॅकलमध्ये नंबर(१०,२) करा.

तारखेचेही तसेच. ओरॅकलच्या डेटमध्ये वेळही असते, मायएसक्यूएलच्या डेटमध्ये फक्त तारीख. ओरॅकलकडून परत आणताना डेटटाइम घेतले नाही, तर सकाळी आणि संध्याकाळी वजन झालेले ट्रक ओळखू येणार नाहीत. आणि ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगला नल समजतो. म्हणजे मधले नाव कोरे असलेला सभासद नॉट नल कॉलमवर अडकणार.

सातबाऱ्यावरच्या गट नंबरची काळजी तर डेटाबेसच्या आधीच घ्यावी लागते. १२/१ हा गट असलेली सीएसव्ही फाइल सहज बघायला म्हणून एक्सेलमध्ये उघडली, की त्याची १२ जानेवारी होते. तशीच सेव्ह केली तर ओरॅकलमध्ये शेतकऱ्याच्या गटाऐवजी ती तारीखच जाते.