घर मालवणात, तुम्ही मुंबईत: फोनवरून बांधकामावर लक्ष कसं ठेवायचं?

मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातली कित्येक घरं मुंबईच्या पगारावर उभी राहतात. चाकरमानी गावी येणार गणपतीला आणि मे महिन्यात. बांधकाम मात्र दिवाळीनंतर सुरू करून पावसाआधी उरकायचं असतं. मधल्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतात, 'पैसे पाठवा' असा मेसेज येतो आणि पैसे जातात. कोणत्या कामाचे गेले, हे चार महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही. बाबांच्या आयुष्यभराच्या बचतीचा हा प्रश्न आहे. म्हणून मोठ्या प्रकल्पांत वापरतात ती इलेक्ट्रॉनिक व्यवस्थापन पद्धत समजून घेऊया.

ही सिस्टीम करते काय?

नकाशे, कामाच्या नोंदी आणि पैशांच्या मंजुऱ्या ती एकाच ठिकाणी ठेवते. कुणी, कधी, काय बदललं याचीही नोंद राहते. आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे घरकुल. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणचं काम 'आवाससॉफ्ट' या सिस्टीमवर चालतं. घराच्या ठरलेल्या टप्प्यांचे फोटो अ‍ॅपमधून काढले जातात. फोटोसोबत ठिकाण आणि वेळ नोंदली जाते आणि पुढचा हप्ता थेट बँक खात्यात जमा होतो. नियम साधा: आधी टप्पा, मग हप्ता.

आपल्या घरासाठी काय करायचं?

१. गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर करून घरच्यांना, इंजिनिअरना आणि मेस्त्रींना शेअर करा. नकाशा बदलला की जुना 'रद्द' नावाच्या फोल्डरमध्ये टाका.

२. पाया, जोतं, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर असे टप्पे आणि त्यांचे पैसे आधीच शीटमध्ये लिहा.

३. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की ठिकाणाची माहिती निघून जाते. म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

४. वाडीत रेंज नसली तरी बिघडत नाही. जीपीएस मोबाइल नेटवर्कशिवायही चालतं. फोटो काढून ठेवा, रेंजमध्ये आल्यावर अपलोड करा.

कोणते फोटो महत्त्वाचे?

जे नंतर झाकलं जाणार आहे, त्याचे! पायाची खोली, सळ्यांची बांधणी, भिंतीतले पाइप आणि वायरिंग. किनाऱ्यावर सळ्यांचा फोटो तर हवाच. खाऱ्या हवेत सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फुटतं. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार किनारी हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटमध्ये सळईवर साधारण ४५ मिमी काँक्रीटचं आवरण लागतं. सौम्य हवामानात २० मिमी पुरतं. म्हणून स्लॅब ओतण्याआधी सळईखालच्या कव्हर ब्लॉकला टेप लावून फोटो मागा.

फोटोत काय दिसत नाही?

सिमेंट किती घातलं, पाणी जास्त झालं का, चिरा कच्चा आहे का, हे फोटो सांगत नाही. त्यासाठी स्लॅबच्या दिवशी इंजिनिअर जागेवर हवाच. त्याची फी वाचवू नका.

आणि एक गोष्ट. ही नोंद फक्त मेस्त्रींना पकडण्यासाठी नाही. तुम्ही मध्येच खिडकी सरकवायला सांगितली, तर ते वाढीव कामही शीटमध्ये यायला हवं आणि टप्पा पूर्ण झाला की पैसे वेळेवर जायला हवेत. मेस्त्री बहुतेकदा गावातलेच, ओळखीतले असतात. हिशोब दोघांना सारखाच दिसला, तर घर बांधून झाल्यावरही बोलणं चालू राहतं.