वऱ्हाडची कागदपत्रे : लेखांक 7
यवतमाळचा शारदाश्रम

गेल्या आठवड्यात आपण धुळ्यात होतो. 31 डिसेंबर 1926 रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात वारले आणि त्यांची दप्तरे सांभाळण्यासाठी तिथे संशोधन मंडळ उभे राहिले. आज यवतमाळला येऊ. कापसाच्या या गावात डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनी शारदाश्रम ही इतिहास संशोधनाची संस्था उभी केली आणि जुन्या पोथ्या, ताम्रपट, शिलालेख यांच्या अभ्यासाला वऱ्हाडात एक हक्काचे ठिकाण दिले. 1884 साली जन्मलेले देशपांडे एम. ए., एलएल. बी. झालेले होते. इतिहासाची चाकरी त्यांच्यावर कोणी सोपवली नव्हती. ती त्यांनी आपणहून पत्करली.

यवतमाळसारख्या गावी अशा संस्थेची गरज का पडावी? पुण्याला पेशवे दप्तर होते, 1910 सालापासून भारत इतिहास संशोधक मंडळही होते. वऱ्हाडची गोष्ट वेगळी. अचलपूरची इमादशाही 1574 साली अहमदनगरच्या निजामशाहीने बुडवली, आणि त्यानंतर वऱ्हाड स्वतंत्र राज्य म्हणून कधी नांदले नाही. पुढे मोगल आले, मग हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुअंमल आला. एकाच गावचा वसूल दोन सरकारांत वाटला जाई. 1853 साली प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. आजचा यवतमाळ जिल्हा आधी वणीच्या नावाने ओळखला जाई. 1905 साली त्याला यवतमाळचे नाव मिळाले आणि वाशीम जिल्हा मोडून त्यातला पुसद तालुका इकडे जोडला गेला. इतके धनी बदललेल्या मुलखाचे कागद एका ठिकाणी कसे सापडणार? काही हैदराबादला, काही नागपूरला. आणि त्याहून पुष्कळ देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत, महंतांच्या मठांत, भटभिक्षुकांच्या घरी, माळ्यावरच्या पेट्यांत. ज्याचे दप्तरखाने म्हणजे लोकांची घरे, त्या प्रांताच्या इतिहासाला घरोघर जाऊ शकणारा, ओळखीचा, त्याच मातीतला संशोधक लागतो. माझ्या मते शारदाश्रमाचे खरे महत्त्व इथे आहे.

महानुभावांच्या पोथ्यांचेच पाहा. मराठीतला सर्वांत जुना गद्य ठेवा या पंथाने जपला आणि त्याचे मूळ क्षेत्र ऋद्धिपूर वऱ्हाडातलेच. पण पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. अक्षरे दिसायला नागरीच, पण एकाच्या जागी दुसरे घातलेले. किल्ली ठाऊक नसेल तर पान समोर असूनही वाचता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली आणि बंद दार उघडले. तरी दार उघडणे वेगळे आणि आत काय काय आहे याची मोजदाद करणे वेगळे. पोथी मठात पूजेला असते. ती परक्याच्या हाती देताना महंतांचे मन कचरणार, आणि तसे कचरण्यात गैर काहीच नाही. तो विश्वास मिळवून एकेक ग्रंथ, त्याचा कर्ता, त्याचा काळ यांची नोंद करणे हे वर्षानुवर्षांचे काम. देशपांडे यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हे पुस्तक 1925 साली आले. चक्रधर, म्हाइंभट, नरेंद्र ही नावे आज शाळकरी मुलांनाही माहीत असतात. ती माहीत होण्यामागे अशा नोंदी करणाऱ्यांचे श्रम आहेत.

अशा ग्रंथालयात पोथी आली की तिचे होते काय, हेही सांगायला हवे. आधी ती सावकाश झटकून, सुटी पाने क्रमाने लावून, पत्रांची संख्या मोजली जाते. पोथीच्या पानाला पत्र म्हणतात आणि आकडा बहुधा एकाच बाजूला असतो. त्यामुळे मधले पत्र गहाळ असेल तर ते आकड्यांवरून लगेच कळते. मग शेवटचे पान. तिथे लेखनिकाने पुष्पिका लिहिलेली असेल तर नशीबच : कोणी लिहिली, कोणासाठी, कोणत्या गावी, कोणत्या शकात. ग्रंथाचा कर्ता तेराव्या शतकातला आणि ही नक्कल सतराव्या शतकातली असे पुष्कळदा असते. हे दोन काळ वेगळे ठेवणे नोंद करणाऱ्याचे पहिले कर्तव्य.

शक लिहिलेला असला तरी तो पडताळून पाहावा लागतो, आणि त्याची रीत कोणालाही घरी करता येईल इतकी सोपी आहे. आपल्याकडच्या गणतीत शकात 12 मिळवायचे, 60 ने भागायचे, आणि जी बाकी उरेल तितवे संवत्सर प्रभव या पहिल्या संवत्सरापासून मोजायचे. पुसद तालुक्यात डोंगरगावला परमार राजपुत्र जगद्देवाच्या काळचा शिलालेख आहे, शके 1034 चा. 1034 अधिक 12 म्हणजे 1046. त्याला 60 ने भागले की बाकी 26. सव्विसावे संवत्सर नंदन. पोथीत किंवा शिळेवर शक एक आणि संवत्सर भलतेच निघाले तर कुठेतरी चूक आहे किंवा कोणी मागाहून बनवाबनवी केली आहे असे समजून पुढे चालायचे. डोंगरगावच्या लेखाचे मोल मात्र सालापुरते नाही. धारचा भोजराजा गेल्यावर माळवा तीन शत्रूंच्या हल्ल्यात बुडाला आणि उदयादित्याने तो सावरला, हा उदयादित्य भोजाचा भाऊ, ही माहिती आपल्या पुसदकडच्या या दगडावर आहे. माळव्याच्या इतिहासकारांना त्यासाठी पैनगंगेच्या खोऱ्याकडे पाहावे लागते.

आता ज्या शोधासाठी देशपांडे यांचे नाव भारतभर गेले त्याकडे येतो. 1939 साली वाशीमला चार ताम्रपट उजेडात आले. देशपांडे आणि दा. ब. महाजन यांनी त्यांचे वाचन त्याच वर्षी इंडियन हिस्टरी काँग्रेसच्या कलकत्त्याच्या अधिवेशनात मांडले. दानपत्र वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे, त्याच्या राज्याच्या 37 व्या वर्षीचे, वत्सगुल्म म्हणजे वाशीम येथून दिलेले. वंशावळीचा भाग संस्कृतात, दानाचा तपशील प्राकृतात. नंदिकडाच्या, म्हणजे नांदेडच्या, परिसरातले एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याची ती नोंद.

खळबळ उडाली ती वंशावळीमुळे. वाकाटक राजा प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन आणि सर्वसेनाचा मुलगा हा विंध्यशक्ती. तोपर्यंत अभ्यासकांना वाकाटकांचे एकच घराणे माहीत होते, रामटेकजवळच्या नंदिवर्धनचे. प्रवरसेनाचे चार मुलगे राजे झाले असे पुराणे सांगत होती, पण पुरावा नव्हता. वाशीमच्या तांब्याने दुसरी शाखा समोर उभी केली. त्याचा परिणाम थेट अजिंठ्यापर्यंत पोहोचला. तिथल्या 16 व्या लेण्यात हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. झिजलेल्या त्या अक्षरांत ब्यूलर या जर्मन पंडिताने एका जागी रुद्रसेन असे वाचले होते, आणि तेच पाठ्यपुस्तकांत रुजले होते. वाशीमचे पत्रे हाती आल्यावर नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी लेख पुन्हा तपासला. ते नाव सर्वसेन होते. अजिंठ्याची ती देखणी लेणी ज्या राजवटीत कोरली गेली ती वाशीमची, हे तेव्हा स्पष्ट झाले. प्राकृतातल्या ‘हरिविजय’ काव्याचा कर्ता म्हणून संस्कृत साहित्यशास्त्री ज्या सर्वसेनाचे नाव घेत, तोही इथलाच राजा ठरला.

त्याच 1939 साली मंगरूळपीरजवळ तऱ्हाळ्याला सातवाहन नाण्यांचा मोठा साठा मिळाला. पुराणांच्या यादीत ज्यांचा पत्ता नाही अशा राजांची नावे त्या नाण्यांवर होती. एका वर्षात, एका टापूत, दोन राजवंशांचा इतिहास दुरुस्त झाला! ताम्रपट भांडी म्हणून मोडीत गेले असते, नाणी सोनाराकडे वितळली असती, तर यातले काहीच कळले नसते. अशा वस्तू ज्याच्याकडे विश्वासाने न्याव्यात असा माणूस जवळपास असणे यावर सगळे अवलंबून असते.

शारदाश्रमाने वार्षिकही काढले. संशोधन संस्थेसाठी छापील अंक फार मोलाचा. मूळ पोथीला कसर लागली, घर जळले, पूर आला, तरी छापलेली संहिता शंभर गावी उरते. शिवाय चूक असेल तर दुसरा अभ्यासक ती छापील पानावरून दाखवू शकतो, जसे मिराशींनी ब्यूलरचे वाचन दुरुस्त केले. कपाटात कुलूपबंद कागदाला हे भाग्य नाही.

तुमच्या घरी मोडीतले रुमाल किंवा पोथ्यांचे बाड असेल तर दोन गोष्टी आवर्जून पाळा. त्याचे मूळ कापड आणि बांधणी बदलू नका, कारण कोणता कागद कोणाशेजारी बांधला होता हाही पुरावा असतो. आणि फाटलेले पान चिकटपट्टीने जोडू नका. तिचा डिंक काही वर्षांत कागद पिवळा करून अक्षर खातो. मूळ बांधणीसकट वरून कोरड्या सुती कापडात गुंडाळा, ओलीपासून लांब ठेवा आणि जाणकाराला दाखवा. मूळ हवाली करायचे नसेल तर निदान प्रत्येक पानाचे छायाचित्र काढू द्या.

पुढच्या लेखांकात मोडी दप्तर : वतनाचा महजर कसा वाचायचा, आणि साक्षीदारांच्या नावांपुढे नांगर किंवा तराजू का काढलेला असतो.